कोऱ्या जागेची लोकसंख्या

'सपाट' हा शब्द त्यांच्यासमोर वापरायची सोय नव्हती. मी तो पहिल्याच महिन्यात वापरला, तोही लेखी.

हॅनोव्हरमध्ये शाळांसाठी नकाशासंग्रह काढणाऱ्या एका संस्थेत मला नुकतीच नोकरी लागली होती. शिक्षकांच्या पुस्तिकेसाठी मी चार ओळी लिहिल्या होत्या: कॅनडाचा प्रेअरी प्रदेश, पूर्वी गवताचा, आता गव्हाचा, सपाट आणि एकसुरी. दुपारी माझ्या टेबलाशी एक उंच, खांद्यातून वाकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. ऑफिसात आणखी एक मराठी माणूस आहे हे मला ठाऊक होतं, पण तीन आठवड्यांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला, 'सपाट'वर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"गेली होतीस तिथे?"

"नाही."

"मीही गेलेलो नाही. पण मी असं लिहीत नाही."

मग खुर्ची ओढून ते बसले. तिथली जमीन झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वर-खाली होते, म्हणाले. गाडीतून जाताना पुढचं गाव दिसतं, मग बुडतं, मग परत वर येतं. आणि एखादं परत वर येत नाही. "सगळा मुलूख एकेक मैलाच्या चौकोनांत आखलाय. पण पृथ्वी गोल. उत्तरेकडे जावं तसे चौकोन अंग चोरायला लागतात. म्हणून दर चोवीस मैलांवर रस्ता मध्येच तुटतो आणि थोडा बाजूला सरकून पुन्हा सुरू होतो. ज्याला माहीत नाही तो सरळ शेतात जातो."

"कोणाची चूक म्हणायची ही?"

"पृथ्वीची," ते म्हणाले. "आता सपाट खोड."

त्यांचं गाव माण तालुक्यात, माळावर. भूगोल शिकायला म्हणून जर्मनीत आले, प्रबंध अर्धा टाकला आणि नकाशांच्या कामाला लागले ते निवृत्त होईपर्यंत. संग्रहात एकशे ऐंशी पानं. त्यांच्याकडे त्यातली बरीच होती. पण जीव एकाच पानावर. सस्कॅचवान प्रांताचा एक पट्टा, मधून जाणारी एक रेल्वे, आणि तिच्या कडेनं ओळीनं गावं. घोडागाडीतून गहू आणून टाकावा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, एवढ्याच अंतरावर एकेक. प्रत्येक गावाला धान्याचं एक उंच लाकडी कोठार, आणि कोठारावर गावाचं नाव. ही नावं रेल्वे कंपनीनं चक्क इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं ठेवली होती. पहिलं ए वरून, पुढचं बी वरून, असं. मी इथे पुरी नावं लिहीत नाही. अक्षरं पुरेत. तेही अक्षरंच म्हणायचे. "एफ गेलं," असं म्हणायचे, आणि दिवसभर गप्प असायचे.

त्यांच्या टेबलावरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते सात तास मागे असायचं. उन्हाळ्यात आपण घड्याळं पुढे करतो, तिथे करत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात ते आठ तास मागे पडायचं. नवीन आलेला कोणी ना कोणी स्टुलावर चढून ते नीट लावायचा. ते काही न बोलता पुन्हा मागे करायचे.

मीटिंगमध्ये ते गहू चघळत. खिशात कागदाची पुडी असायची. चार दाणे तोंडात टाकायचे आणि तासभर चघळायचे, म्हणजे त्याचा डिंकासारखा गोळा होतो. तिकडची शेतकऱ्यांची पोरं हेच करतात म्हणे. हे सगळं करूनही कधी तिथे का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं.

"मी गेलो तर एक माणूस वाढेल," ते म्हणाले. "आकडा चुकेल."

विनोद होता. ते हसले नाहीत, एवढंच.

पूर्वी नकाशावरची नावं पातळ फिल्मवर छापून येत. ती ब्लेडनं कापून, मेण लावून, एकेक करून चिकटवायची. एखादं गाव उठलं की त्याचं नाव ब्लेडच्या टोकानं उचलायचं. उचललेली नावं बाकीचे लोक टोपलीत टाकत. हे मात्र ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. डबा हलवला तर आवाज होत नसे, इतकी ती हलकी. तरी ते तो हलवू देत नसत.

"झोपलेत," असं म्हणाले होते मला एकदा.

त्या डब्यात एक नाव वेगळ्या पाकिटात होतं. एलचं.

ती त्यांची एकमेव चूक, निदान त्यांनी कबूल केलेली. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची. कोणतं गाव ठेवायचं आणि कोणतं काढायचं याचा नियम त्यांनीच संपादकीय नियमावलीत लिहिला होता: ज्या गावात कोठार चालू नाही ते दाखवू नये. तिथे कोठार बंद झालं की गाव उठतंच, मागेपुढे एखादं वर्ष. कोठारांच्या यादीत एलपुढे 'बंद' असं आलं. त्यांनी ब्लेड घेतलं आणि नाव उचललं. लोकसंख्येचा तक्ता पाहिला नाही. इतका काटेकोर माणूस, पण त्या दिवशी पाहिला नाही.

वर्षभरानं एक पत्र आलं, जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात. त्या भागात जर्मन बोलणाऱ्यांची वस्ती होती, शंभर वर्षांपूर्वी रशियातून गेलेल्यांची. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या भाचीचा मुलगा इथे जर्मनीत शाळेत होता, त्यानं पुस्तकातलं पान त्यांना पाठवलं होतं. ते पत्र त्यांनी ऑफिसात जपून ठेवलं होतं, मला वाचायला दिलं. दोनच ओळी. 'आपल्या नकाशावर के आणि एम यांच्यामध्ये कोरी जागा आहे. मी तिथे राहते.'

त्यांनी माफीचं चार पानी पत्र लिहिलं. बाईंनी उलट लिहिलं की माफीचं काय करू, नाव परत घाला. आणि खाली फोन नंबर.

तेव्हापासून दर गुरुवारी ते तीनला ऑफिसातून निघत. चारला फोन. तिथे सकाळचे नऊ, उन्हाळ्यात आठ.

पुढे आमचा घरोबा झाला तेव्हा मी अधूनमधून गुरुवारी त्यांच्याबरोबर एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलनं, त्यांच्या घरी जात असे. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा करत. फोनचं टेबल खिडकीशी होतं, आणि पलीकडे हॅनोव्हरबाहेरची बिटाची शेतं. चार वाजायला आले की काकू आतून म्हणत, "अहो, माझ्या सवतीची वेळ झाली."

"चहा आण," हे म्हणत.

"तिला विचारा, घेणार का."

मी पहिल्यांदा ऐकलं तो फोन मला जसाच्या तसा आठवतो. त्यांनी स्पीकर लावला. आधी वाऱ्याचा आवाज, खोलीतच वारा शिरल्यासारखा. मग बाईंचा कोरडा, सावकाश आवाज. प्रश्न ठरलेले होते. वारा कुठला? वायव्येचा. बर्फ? कुंपणापर्यंत. पलीकडचं घर?

"उभं आहे," बाई म्हणाल्या. "खिडक्यांना फळ्याच आहेत."

हे सगळं ते वहीत लिहून घेत होते. मध्येच बाई थांबल्या. "आज तुमच्याबरोबर कोण आहे? दोघांचे श्वास ऐकू येतायत."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी माझं नाव सांगितलं, ऑफिसातली आहे म्हणून सांगितलं. "बरं," बाई म्हणाल्या, आणि मग, "थांबा, गाडी येतेय. जाऊ दे."

यांनी हात वर केला, मला गप्प राहा म्हणून. लांबून शिट्टी ऐकू आली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. मग डब्यांचा खडखडाट, बराच वेळ, मालगाडी असावी. आम्ही तिघंही थांबून होतो. आवाज विरला तसं बाई म्हणाल्या, "हं, गेली. पुढच्या गुरुवारी मग."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. "ऐकलंस?"

"गाडीचं? हो."

"तिथले रूळ उचलून अकरा वर्षं झाली."

हायवेवरचा ट्रक असेल, म्हटलं.

"असेल. म्हणजे, असू शकेल." त्यांनी वहीत वेळ लिहिली. "हायवे तिथून चाळीस किलोमीटरवर आहे."

काकू कपबशा उचलायला आल्या. "मला नाही बाई कधी ऐकू येत," त्या म्हणाल्या. "तिची गाडी मला कशाला ऐकू येईल?" पण त्यांनी जाताना खिडकी लावून घेतली, हे मी पाहिलं.

एकदा त्यांनी संग्रहाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या दिवाणखान्यात जमिनीवर मांडल्या, तेच पान उघडून, एकापुढे एक. आणि गुडघ्यांवर बसून बोटानं दाखवत गेले. नाव काढलं ती ही आवृत्ती. त्याच हिवाळ्यात तिथलं पोस्ट बंद झालं. पुढच्या आवृत्तीतही नाव नाही, आणि शाळेची इमारत ट्रकवर चढवून दुसऱ्या गावी नेली. त्याच्या पुढची, आणि रूळ उचलले. मग कोठार पाडलं. मग रस्त्यावरची गावाची पाटी कोणीतरी काढून नेली. माणसं तर एकेक करत गेलीच.

"आता ते नाव कुठेच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "एकाही भिंतीवर नाही."

"काका, हे सगळ्याच गावांचं झालंय. तुम्हीच सांगता."

"हो, अगदी बरोबर. सगळ्यांचं झालंय. मी असलं काही मानत नाही." ते तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. "पण बाकीची आधी उठली, मग मी नाव काढलं. या एकाच गावाचं मी आधी काढलं."

मग घाला ना परत, मी म्हटलं. इतकी वर्षं पान तुमच्या हातात आहे.

त्यांनी मान हलवली. कोठार नाही तर नाव नाही. नियम त्यांचा होता, आणि त्या नियमानं त्यांनी पंधराएक गावं उचलली होती. एकासाठी तो मोडला तर बाकीच्यांना काय सांगायचं? डब्यातल्यांना, असं त्यांना म्हणायचं होतं, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं.

निवृत्त होताना त्यांनी ते पान माझ्या नावावर करवून घेतलं. शेवटच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरवून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "बाईंचं वय झालं. त्या आहेत तोवर नाव आलं पाहिजे. त्या गेल्यावर घालून उपयोग नाही, तेव्हा ते खोटं होईल."

"आणि आत्ता?"

"मी घातलं तर लबाडी. तू घातलंस तर दुरुस्ती."

मी हो म्हटलं. माझा करार बेफ्रिस्टेट होता, दोन वर्षांच्या मुदतीचा. तो वाढतो की नाही यावर माझं इथलं राहणं होतं. आता नाव घालायला ब्लेड लागत नाही, संगणकावर एक खूण करावी लागते. पण लोकसंख्येचा रकाना भरल्याशिवाय ते लाल दिसतं, आणि लाल काही राहिलं की टीमलीडर विचारते. आवृत्ती बंद व्हायच्या दिवशी मी ती खूण केली, लाल रंगाकडे पाहिलं आणि काढून टाकली. पुढच्या वेळी करू, असं मनाशी म्हटलं. मला कोणी अडवलं नव्हतं.

छापील प्रत घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. काकू त्या आधीच्या वर्षी गेल्या होत्या. घरात चहाचा वास नव्हता. त्यांनी भिंग घेतलं, पान उघडलं, के पासून एम पर्यंत भिंग सरकवलं. परत एकदा सरकवलं. मग पुस्तक मिटलं.

"छपाई चांगली आहे," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

या हिवाळ्यात ते आजारी पडले. इस्पितळात शेवटच्या गुरुवारी मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. बोलण्याची ताकद नव्हती. पलीकडून बाई बोलत असाव्यात. मला फक्त वारा ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे मिटून विचारलं, "पलीकडचं घर?" उत्तर ऐकलं आणि मान हलवली. मंगळवारी ते गेले. मागे कोणी नव्हतं. डबा आणि वह्या माझ्याकडे आल्या. डबा मी पिशवीत आडवा न ठेवता दोन्ही हातांत धरून ट्रामनं घरी आणला.

त्या गुरुवारी चारला मी फोन केला. ते गेल्याचं सांगितलं.

"मग आता वाऱ्याचं कोणाला सांगायचं?"

"मला सांगा."

"दक्षिणेचा आहे." मग म्हणाल्या, "ते सांगायचे, नाव आता तुमच्या हातात आहे. आलं का?"

"येतंय," मी म्हणाले. म्हणजे खोटं बोलले.

"लवकर येऊ दे. मी नव्वदीच्या पुढे आहे. एकदा चष्मा लावून बघायचंय, बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल उघडली. नवी आवृत्ती बंद व्हायला महिना होता. के आणि एमच्या मध्ये खूण केली. नाव लाल झालं. लोकसंख्येच्या रकान्यात मी १ लिहिलं. खाली माहितीचा स्रोत विचारला होता, तिथे 'टेलिफोन' असं लिहिलं.

टीमलीडरनं मला बोलावलं. "एक?"

"हो."

"आणि हा स्रोत?"

"दर गुरुवारी बोलणं होतं."

तिनं पडद्यावर तो पट्टा मोठा केला. तीही त्यांच्या हाताखाली शिकलेली. "नियमात बसत नाही," ती म्हणाली. "नियम त्यांचाच आहे."

"चूकही त्यांचीच आहे. ती दुरुस्त करायचीय." मी डब्यातलं एलचं पाकीट बरोबर नेलं होतं. त्यातली फिल्मची पट्टी, नखाएवढी, मी तिच्या टेबलावर ठेवली. तिनं ती उजेडाकडे धरून वाचली.

"त्यांनी मला एकदा रडवलं होतं," ती म्हणाली, "एका आकड्यावरून." पट्टी तिनं जपून पाकिटात घातली. "ठीक आहे. पण आकडा छपाईच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासून घे. बरोबर असू दे."

तो दिवस या आठवड्यात, गुरुवारीच आला. तपासणीचं छापील पान माझ्यासमोर होतं, त्यावर नाव होतं. मी चारला ऑफिसातूनच फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मला वाटलं, उशीर झाला. मग वाऱ्याचा आवाज आला आणि त्यामागून बाई.

"आलंय," मी सांगितलं. "माझ्या हातात आहे. पोस्टानं पाठवते."

"अक्षर मोठं की लहान?"

"सगळ्यात लहान."

"चालेल. मोठं असं कधी काही नव्हतंच आमचं." त्या हसल्या असाव्यात. मी काकांची वही उघडून बसले होते. वारा विचारला: वायव्येचा. बर्फ: थोडा. मग ठरलेला पुढचा प्रश्न.

"पलीकडचं घर?"

"त्याचंच सांगणार होते. फळ्या काढल्यात. चार दिवस झाले, दिवा असतो."

मी पेन खाली ठेवलं. "कोण आलंय?"

"म्हातारा आहे. उंच, खांद्यातून वाकलेला. सकाळी कोठाराच्या चौथऱ्यावर येऊन उभा राहतो. काहीतरी चघळत असतो. आज नऊ वाजायला आले तसा घड्याळ काढून बघत होता."

"तुम्ही बोललात?"

"वारा फार होता. त्यानं हात वर केला, गप्प राहा म्हणतात तसा. मग गाडी आली." वाऱ्यात त्यांचा आवाज थोडा मागे गेला. "मी म्हटलं, राहू दे. इतक्या वर्षांनी कोणीतरी आलंय. पुढच्या गुरुवारी मग."

फोन ठेवून मी ते पान पुन्हा पुढे ओढलं. आजूबाजूला लोक संगणक बंद करून निघत होते. कोणी खोडी काढली असेल, कोणी वाटसरू असेल, नव्वदीतल्या बाईंचे डोळे असतील. सगळं मनात येऊन गेलं. टीमलीडर कोट घालून दाराशी थांबली आणि तिनं विचारलं, "आकडा तपासलास?"

"तपासला," मी म्हणाले.

मी रकाना उघडला, १ पुसला आणि २ लिहिलं. आकडा चुकलेला त्यांना चालला नसता.